शून्य, एम

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
नळाखालच्या भिंतीवर जांभळा ओघळ वाळलाय तो कारखाना.
चोवीस माग. खडखडाट एवढा
की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं.
ऑफिसात जुना कॉम्प्युटर, त्यावर मी लिहिलेला प्रोग्राम:
कुठला माग चालू, कुठला बंद, किती चादरी उतरल्या.

पहिला आठवडा सगळं पांढरं.
काळ्यावर पांढऱ्या ओळी, एकीखाली एक,
वाचेपर्यंत वर निघून गेलेल्या.
मालक म्हणाले, "मॅडम, हे वाचायचं का नुसतं बघायचं?"

मग मी रंग घातला.
रंग म्हणजे काय, तर एस्केप,
उघडा चौकोनी कंस, एकतीस, एम.
एवढं लिहिलं की पुढचं सगळं लाल.
बत्तीस म्हटलं की हिरवं.
ही अक्षरं स्वतः दिसत नाहीत,
पडदा ती गिळतो आणि रंग तेवढा मागे ठेवतो.
शेवटी आठवणीनं शून्य, एम.
नाहीतर लाल गळतच राहतो पुढच्या ओळींवर,
कच्च्या रंगाची चादर
पांढऱ्या बनियनसोबत भिजत घातल्यासारखा.
मी एकदा विसरले.
मालकांच्या मुलानं त्याच खिडकीत फाइलींची यादी काढली,
सगळ्या लाल.
व्हायरस समजून त्यानं प्लगच उपटला.

अहवाल कागदावर काढला तेव्हा तर
रंग आलाच नाही.
आले नुसते कंस, एकतीस, एम, कंस, शून्य, एम,
ओळीओळीत.
"हा कचरा कसला?"
राजमोगली जॉबरनी कागद उजेडाला धरला, हसले.
"उलटी बाजू हाय की ओ ही.
वॉल हँगिंग पलटून बघा, मोर दिसतो का?
धागेच लोंबत्यात."

त्यांनाच शिकवलं होतं मी: लाल म्हणजे बंद.
मान डोलावली होती त्यांनी.
तरी बुधवारी सात नंबर अर्धा तास लाल,
आणि हे पडद्यासमोर, हात मागे बांधून, शांत.
मी चिडले.
नेमकी लाइट गेली. सगळे माग एकदम थांबले.
एवढ्या शांततेतसुद्धा त्यांनी तोंड कानाशी आणलं:
"लाल-हिरवं मला एकच दिसतंय, अम्मा. लहानपणापासनं."

चाळीस वर्षं?

"बॉबिन कुठल्या खुंटीला हाय ते पाठ हाय.
तिसरी लाल, पाचवी हिरवी.
जागा नाही हलली तर मी नाही चुकत.
मालकाला बोलू नका."

त्या रात्री साखर पेठेतल्या खोलीत
मी कर्सर घेऊन बसले.
एस्केप, कंस, ओळ, अर्धविराम, रकाना, एच.
म्हणजे खालीच जात राहायची सक्ती नाही.
मागे येता येतं,
आपल्याच ओळीवर दुसऱ्यांदा लिहिता येतं.
हे मला आधीपासून माहीत होतं.
कुणासाठी, ते माहीत नव्हतं.

आता प्रत्येक मागाला त्याची जागा.
सात नंबर सातव्या ओळीत, डावीकडे.
धागा तुटला की त्याचं नाव
सरकून उजव्या काठाला जातं,
काळ्यावर पांढरं न राहता पांढऱ्यावर काळं होतं
(त्या उलटापालटीचा आकडाही सातच, योगायोगानं).
लाल काढला नाही.
असू दे, मालकांना आवडतो.

सकाळी अकरा नंबर उजवीकडे गेला.
राजमोगली माझ्याकडे न बघता
पान्हा घेऊन अकराकडे गेले.

संध्याकाळी प्रोग्राम बंद केला.
नाचू नये म्हणून मी कर्सर लपवला होता,
आणि परत दाखवायला विसरले.
काळा पडदा. कुठंच काही लुकलुकेना.
त्यांनी काचेवर बोट टेकवलं.
"इथं होतं न ते?"
थांबा, म्हटलं, आणते.
एस्केप, कंस, प्रश्नचिन्ह, पंचवीस, एच.

आलं ते,
त्यांच्या नखाच्या जरा उजवीकडे.
नखात सुताची बुरशी होती, रंग कुठला
ते मी विचारलं नाही.